सतारमेकर गल्लीत बेस गिटार

बेळगावकरांच्या तोंडी मिरज येते ती बहुतेक वेळा दुखण्याच्या निमित्ताने. "मिरजेला नेलंय" एवढे म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा गंभीर होतो आणि तो पुढे काही विचारत नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचे इस्पितळ सुरू केले. तेव्हापासून चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक अशा सगळ्या कन्नड मुलखातील रुग्णांना मिरजेची वाट पाठ झाली. आमच्या घरातही दोन बाळंतपणे आणि एक मोठे ऑपरेशन मिरजेचेच. त्यामुळे त्या गावात दुसरेही एक इस्पितळ आहे, तिथे माणसांऐवजी वाद्ये दाखल होतात आणि तिथल्या वैद्यांचा हात तितकाच हलका असतो, हे आपल्याकडे अनेकांना ऐकून माहीत असते, पण पाहायला फारसे कोणी जात नाही.

मी गेलो तो एका विद्यार्थ्यामुळे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा हा मुलगा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बेस गिटार वाजवतो. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. गाण्याच्या तळाशी जो घुमारा चाललेला असतो तो हिचा. बँडमध्ये सगळ्यांत कमी टाळ्या हिच्या वाजवणाऱ्याला मिळतात, आणि तो थांबला की गाणे एकदम पोकळ का वाटते हे प्रेक्षकांना कळत नाही. आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात हे काम टोनी वाझ करत. ती गाणी आपल्या पिढीला तोंडपाठ आहेत, पण वाझ यांचे नाव किती जणांना सांगता येईल?

या मुलाच्या घरी आजीचा तानपुरा आहे. आजी मूळच्या धारवाडकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या आणि मैफलीत नाट्यपदे म्हणणाऱ्या. आता वय ८४. गळा गेला, गुडघे गेले, पण रोज संध्याकाळी तानपुरा कोणीतरी छेडावा आणि आपण भोपळ्यावर पालथा हात ठेवून बसावे एवढा एकच हट्ट उरला होता. त्यांच्या कानाला पातळ, उंच आवाज आता पोहोचत नाहीत. म्हातारपणी कान जातो तो वरच्या स्वरांपासून. खाली उरतो तो खर्ज, आणि तो कानाइतकाच हाताच्या तळव्याला कळतो. गेल्या दोन वर्षांत मात्र तो तानपुरा मुका होत गेला. तारा बदलून झाल्या, बेळगावातल्या एका दुकानात दाखवून झाले. त्या दुकानदाराने घोडीवर कानस अशी काही फिरवली की होता तो आवाजही गेला. घरच्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणून दिला. आजींनी तो दोन मिनिटे ऐकला आणि म्हणाल्या, "इदराग जीव इल्ल." यात जीव नाही.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला मी नावे ठेवणार नाही. १९७९ च्या सुमारास बेंगळुरूला तो तयार झाला, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत रियाज करणाऱ्या हजारो मुलामुलींची त्याने सोय केली. आता तर तो मोबाइलमध्येच येऊन बसला आहे. पण आजी बोलल्या त्यात एक गंमत दडलेली होती, ती आम्हाला मिरजेत गेल्यावर कळली.

तानपुरा घेऊन प्रवास करायचा तर रेल्वेच बरी. बसच्या टपावर तो टाकता येत नाही आणि मांडीवर मावत नाही. सकाळच्या पॅसेंजरमध्ये खिडकीजवळची बाकाची कड धरून, चादरीत गुंडाळलेला भोपळा मध्ये ठेवून आम्ही दोघे दोन्ही बाजूंनी बसलो. पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग. प्रत्येक स्टेशनावर चढणारा विचारी, "एनप्पा इदु?" आणि मुलगा सांगे, "तंबूरी." तंबूरी म्हटले की आपल्याकडच्या माणसाला लगेच दास, पुरंदरदास आठवतात. एका म्हाताऱ्याने भोपळ्याला हात लावून नमस्कार केला. चिंचलीला मायाक्काच्या दर्शनाला जाणाऱ्या बाया उतरल्या आणि डबा जरा मोकळा झाला. कुडची सोडल्यावर कृष्णेचा पूल, मग उगारच्या साखर कारखान्याचा वास, शेडबाळ, आणि मग महाराष्ट्र. सीमा ओलांडल्याची खूण म्हणजे चहावाल्याची हाक तेवढी बदलते. चहा तोच असतो.

मिरज जंक्शनला एके काळी तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइटची नॅरोगेज. आता सगळेच ब्रॉडगेज झाले. स्टेशनातून रिक्षावाल्याला "सतारमेकर गल्ली" म्हटले की तो पुढे काही विचारत नाही. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरातला हा भाग. लहान लहान दुकाने, आत भिंतीला टांगलेले सतारींचे सांगाडे, दारात उन्हाला ठेवलेले भोपळे, आणि हवेत लाखेच्या पॉलिशचा वास. नव्याने आलेल्याला वाटावे, आपण भाजीमंडईत आलो की सुताराकडे?

या गल्लीची हकिगत अशी सांगतात. इथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले, बर्च्यांना धार लावणारे आणि शस्त्रे दुरुस्त करणारे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानांची फौजफाट्याची हौस संपली आणि या लोकांचे काम बसले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गवई-वादक येत. त्यांची वाद्ये उत्तरेकडून आलेली, बिघडली की दुरुस्तीची पंचाईत. १८५० च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार यांनी ते काम हाती घेतले आणि पुढे स्वतःच सतारी-तानपुरे घडवू लागले. शिकलगारांचे सतारमेकर झाले. धार काढणाऱ्या हाताने जवारी काढायला घ्यावी हे मला मुळीच विचित्र वाटत नाही. दोन्हीकडे काम केसाच्या जाडीचे, आणि दोन्हीकडे कानशीचा एक हात जास्त पडला तर परत येत नाही.

मिरजेला गाण्याचे वेड होतेच. विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले. नंतर अब्दुल करीम खाँसाहेब आले आणि मिरजेचेच होऊन राहिले. १९३७ मध्ये मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोईल स्टेशनावर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि त्यांच्याकडे शिकलेले भीमसेन जोशी गदगचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या. किराणा घराण्याचा नकाशा काढला तर तो आपल्याच पॅसेंजरच्या मार्गाने जातो. या घराण्याला सुरेल तानपुऱ्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि तो तानपुरा मिरजेचा. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या चाचांचे वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी तानपुऱ्याची चादर काढली, तारा छेडल्या नाहीत, आधी भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. मग गळ्याच्या जोडावर. "सांधा सुटलाय," ते म्हणाले. "जवारी नंतर. आधी हाड बसवू दे. पंधरा दिवस ठेवावा लागेल."

भोपळा हाताळता हाताळता ते त्याची माहिती सांगत होते. हे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे, भीमेच्या खोऱ्यातले. जात कडू, म्हणून कीड कमी लागते. चांगला वाळायला कित्येक महिने जातात. मग देठाकडचा भाग कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आत काटक्यांचा टेका देऊन तोंड हवे तेवढे पसरायचे आणि पुन्हा वाळवायचे. पुरुषी तानपुऱ्याला मोठा, बायकी तानपुऱ्याला त्याहून लहान. दांडी आणि तबली तूनच्या लाकडाची. पाऊस बिघडला, पूर आला, की त्या वर्षी मनासारखे भोपळे मिळत नाहीत. "लाकूड पैशानं मिळतंय सर," चाचा म्हणाले, "भोपळा नशिबानं."

मुलगा तोवर गप्प होता. मग त्याने भीतभीतच मोबाइल काढला आणि म्हणाला, "चाचा, एक आवाज ऐकता का? हा माझ्या गिटारमधून काढायचाय, पण जमत नाही."

इथे थोडे बेस गिटारबद्दल सांगायला हवे, म्हणजे पुढचे लक्षात येईल. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खालचे स्वर माणसाएवढ्या उंच डबल बेसवर वाजत. ते धूड गाडीत मावत नसे आणि ट्रंपेटच्या गोंगाटात ऐकू येत नसे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये गिटारसारखा आडवा धरायचा, विजेवर चालणारा बेस बाजारात आणला. त्याच्या मानेवर सतारीसारखे पडदे होते, त्यामुळे स्वर नेमका लागे, म्हणून नाव ठेवले 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. तारेची लांबी ३४ इंच. सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. इतका खाली की घरगुती लहान स्पीकर तो नीट उच्चारूच शकत नाही, नुसता फडफडतो. बेसला वेगळा, मोठ्या स्पीकरचा अँप्लिफायर लागतो तो यासाठी.

वाद्य एकच असले तरी आवाज हाताहाताला वेगळा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तारा छेडत, आणि सपाट पट्टी गुंडाळलेल्या आपल्या जुन्या तारा तुटेपर्यंत बदलत नसत. आवाज गोल, मऊ, ढोलासारखा. इंग्लंडच्या 'द हू' या बँडचे जॉन एंटविसल यांना नेमके उलट हवे होते. १९६६ च्या सुमारास त्यांच्यासाठी गोल वेटोळ्याच्या खरखरीत तारा तयार झाल्या आणि बेस पियानोसारखा खणखणू लागला. मग फ्लोरिडात वाढलेले जॅको पास्टोरियस आले. त्यांनी आपल्या १९६२ च्या फेंडर जॅझ बेसचे पडदेच उपटून टाकले, खाचा भरल्या आणि खरखरीत तारांनी लाकूड कापू नये म्हणून त्यावर इपॉक्सीचा थर दिला. १९७६ मध्ये त्यांची पहिली तबकडी आली आणि जगभरचे बेसवादक चक्रावले. तो बेस ठोकत नव्हता, गात होता. स्वर लागला की क्षणभराने आतून उमलून यायचा, जणू कोणी तोंड उघडून 'म्वा' म्हणतो आहे.

आमच्या विद्यार्थ्याने हेच करायचे ठरवले. दुसऱ्या हाताने घेतलेल्या बेसचे पडदे पकडीने एक एक करून काढले. वडील चिडले ते साहजिक होते, कारण पैसे त्यांचे होते. खाचा लाकडाच्या भुशाने आणि गोंदाने भरल्या. पण आवाज आला तो ठप्प. गाणे नाहीच. वर्षभर त्याने वेगवेगळ्या तारा लावल्या, अँप्लिफायरची बटणे फिरवली, उपयोग झाला नाही. घरात एका कोपऱ्यात आजीचा मुका तानपुरा आणि दुसऱ्या कोपऱ्यात नातवाचा मुका बेस, असा प्रकार होता.

चाचांनी मोबाइल कानाला लावला. डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकले. मग म्हणाले, "जवारी हाय की ही."

मुलाला वाटले त्यांना नीट ऐकू आले नसावे. "चाचा, ही गिटार आहे. हिला घोडी तशी नसते."

"घोडी नसंल. पण तार कुठंतरी घासतीया. घासल्याबिगर असं फुटत न्हाई." आणि त्यांनी मोबाइल परत दिला. "पुढच्या येळंला ती घेऊन ये."

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी जाताना बेस, येताना दोन्ही.

जवारी काढताना मी पहिल्यांदाच जवळून पाहत होतो. तानपुऱ्याची घोडी म्हणजे तारा ज्यावरून जातात तो रुंद, किंचित उतरता पूल. पूर्वी ती सांबरशिंगाची किंवा हाडाची असे. आता वन्यजीव कायद्यामुळे शिंगाचा प्रश्नच मिटला, उंटाचे हाड, शिसवी किंवा कृत्रिम फायबर वापरतात. गिटारीची तार धारदार कडेवर टेकते आणि तिथून एकदम सुटते. तानपुऱ्याची तशी सुटत नाही. ती घोडीच्या उतारावर अंग टेकत टेकत, हळूच वर उठते. तार हलली की टेकण्याची जागा मागेपुढे सरकते आणि प्रत्येक हेलकाव्याला ती घोडीला हलकेच चाटून जाते. त्या चाटण्यातून वरचे स्वर जागे होतात. एकाच 'सा'मध्ये कधी गंधार ऐकू येतो, कधी पंचम, तो असा. भौतिकशास्त्राच्या नियमाप्रमाणे तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटायला नको. तानपुऱ्यात आणि वीणेत तो बिनदिक्कत उमटतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला आणि त्याचे कारण या रुंद घोडीत असल्याचे दाखवले. कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने मला हे समजावून दिले तेव्हा निम्मे कळले होते. उरलेले चाचांच्या पाटावर बसून कळले.

त्यांनी तारा ढिल्या करून बाजूला घेतल्या. घोडी काढून डोळ्यासमोर आडवी धरली. "कुणी हात लावलाय हिला?" आम्ही बेळगावचे दुकान सांगितले. ते काही बोलले नाहीत, नुसता श्वास सोडला. बारीक कानस चार वेळा फिरवली, घोडी बसवली, तार चढवली, छेडली, उतरवली. पुन्हा कानस, दोनच वेळा. पुन्हा चढवली. असे किती वेळा केले ते मी मोजायचे सोडून दिले. खर्जाची पितळी तार जाड, तिचा झोका मोठा, तिला उतार वेगळा. जोडाच्या पोलादी तारा बारीक, त्यांना वेगळा. चारही एकाच घोडीवर आणि चौघींची मर्जी राखायची. मध्ये एक गिऱ्हाईक आले, त्याला त्यांनी बोटानेच बसायला सांगितले. जवळजवळ दोन तास गेले.

मग त्यांनी सुती दोऱ्याचे चार लहान तुकडे तोडले. प्रत्येक तारेखाली, घोडीच्या उतारावर एक. खर्ज छेडत छेडत नखाने दोरा केसभर पुढे सरकवला, आणि एका जागी तो स्वर उघडला. दुसरा शब्द मला सापडत नाही. बंद खोलीचे दार उघडावे तसा.

"या दोऱ्याला काय म्हणतात?" मुलाने विचारले.

"जीव," चाचा म्हणाले.

मुलाने माझ्याकडे पाहिले. इदराग जीव इल्ल. आजी काव्य बोलत नव्हत्या. त्या सरळ बिघाड सांगत होत्या, आणि घरात तो कोणाला कळला नव्हता.

आजींची पट्टी काळी चार. त्यांचा खर्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १०४ कंपने. बेसच्या सर्वांत वरच्या तारेवर जिथे पहिला पडदा असतो, तिथे बरोबर हाच स्वर मिळतो. मुलाने बेस काढला, आणि अँप्लिफायर नव्हता म्हणून त्याचे लाकूड दुकानातल्या लाकडी पेटीला टेकवले, म्हणजे आवाज जरा मोठा होईल. तो स्वर छेडला. तानपुऱ्याच्या शेजारी तो म्हणजे शाळेत उभा केलेला मुलगा, प्रश्नाचे उत्तर येत नसलेला.

चाचांनी बेस हातात घेतला. वजनाने क्षणभर दचकले. मानेच्या टोकाकडून एक डोळा मिटून तिच्या लांबीवर नजर लावली, बंदुकीचा नेम धरतात तशी. पोलादी पट्टी ठेवून पाहिली. "खाचा चांगल्या भरल्यास," ते मुलाला म्हणाले. एवढ्या कौतुकावर तो खूश. "पण दांडी वाकलीया. मधी खड्डा पडलाय. तार लाकडाला चाटणार कशी? ती हवेतच राहती."

गिटारीच्या मानेत एक पोलादी सळई असते, तारांच्या ओढीने मान वाकू नये म्हणून. ती षटकोनी किल्लीने कमीजास्त आवळता येते. चाचांना हे माहीत नव्हते. मुलाने दाखवले तेव्हा ते कौतुकाने बघत राहिले, "हे बरं हाय, आमच्या दांडीला असं अस्तं तर." मग दोघे मिळून बसले. मुलगा किल्ली पाव फेरा फिरवी, चाचा नजर लावीत. "अजून. बस. थोडं मागं." पुलावरच्या टेकूंचे स्क्रू फिरवून तारा खाली घेतल्या. एकदा तार इतकी खाली आली की नुसती खरखर होऊ लागली. चाचा हसले, "ही उघडी जवारी. लई उघडी." अर्धा फेरा वर. आता बोट लाकडावर टेकले की त्याच्या पुढे तार मानेला अगदी निजून जात होती, आणि हलली की लाकडाला चाटत होती.

मुलाने जोरात छेडले. चाचांनी त्याचा हात धरला. "मारू नको. तानपुरा कसा वाजवत्यात बघ." त्यांनी दाखवले. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने पुढच्या तिन्ही, नखाने नव्हे, बोटाच्या कडेच्या मांसाने, तारेवरून बोट घसरू द्यायचे, ओढायचे नाही. एक तार विरायच्या आत दुसरी. जगातल्या बेस शिकवणाऱ्यांचेही सांगणे थोडेफार हेच असते, हे मुलाने मला नंतर सांगितले. बोट हलके ठेवा, मोठेपणा अँप्लिफायरला करू द्या. पुलाजवळ छेडले तर आवाज कडक, मानेकडे छेडले तर गोल. त्याला हे पुस्तकातून ठाऊक होते. त्याने हलकेच छेडले आणि स्वर आतून फुटला. तो 'म्वा' पुरता जॅकोचा नव्हता, पण होता. गल्लीतल्या शेजारच्या दुकानातून एक जण डोकावून गेला.

मजुरी फक्त तानपुऱ्याची घेतली. बेसचे पैसे देऊ केले तेव्हा म्हणाले, "मी काय केलं? नजर टाकली."

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गल्लीत त्याचे फलक आहेत आणि असावेतच, कारण मिरजेच्या नावावर कुठलाही माल खपवणारे कमी नाहीत. पण त्या शिक्क्याने घोडीपाशी बसायला मुलगा येत नाही. चाचांचा थोरला मुलगा औषधांच्या कंपनीत फिरतीवर आहे, धाकटा दुकान सांभाळतो, वाद्ये परदेशी पाठवायची कामे तो चोख करतो. जवारीला मात्र अजून चाचाच बसतात. लाकूडकाम, नक्षी, पॉलिश यांना कारागीर मिळतात, कारण ते काम दिसते आणि त्याचा दाम लगेच ठरतो. जवारी दिसत नाही. ती शिकायला दहा वर्षे कान द्यावा लागतो, आणि तेवढी वर्षे घर कसे चालायचे, याचे उत्तर मानांकनाच्या कागदात नाही.

तानपुरा घरी पोहोचला त्या संध्याकाळी मी हजर होतो. प्रवासासाठी तारा उतरवून आणल्या होत्या, त्या लावायला मुलगा बसला. आजी पलंगावरून उठून खुर्चीत आल्या. त्याने खर्ज लावून छेडल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे भोपळ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला. घरातले सगळे त्या काय म्हणतात म्हणून थांबले होते. त्या कन्नडात एवढेच म्हणाल्या की पंचम किंचित उतरला आहे, आणि वाकून स्वतः मणी सरकवला. तो खरोखरच उतरलेला होता.

बेसचे सुख मात्र पंधरवडाभरच टिकले. जुलैचा पाऊस लागला, बेळगावची ओल मानेत शिरली आणि आवाज पुन्हा मिटला. या वेळी मुलाने किल्ली घेतली, एक डोळा मिटून मानेवर नेम धरला आणि तासाभरात तो परत आणला. तानपुऱ्याच्या दोऱ्यांनाही तो आता हात लावतो, घोडीला नाही. ती शिकवाल का म्हणून त्याने चाचांना फोनवर विचारले होते. त्यांनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. म्हणाले, शुक्रवार सोडून कधीही ये, कानशीला हात लावायचा नाही, सहा महिने नुसता ऐकत बस. तो दोन रविवार सकाळच्या पॅसेंजरने जाऊन आला आहे. वडिलांना वाटते, तो सी.ए.च्या क्लासची चौकशी करायला सांगलीला जातो.

आजींना खरे काय ते माहीत आहे. तिकिटाचे पैसे त्याच देतात.